उल्कावहिनीचे स्वेटर

आमच्या चोपड्यात थंडी अजिबात पडत नाही असं नाही. नाताळच्या आसपास एखाद्या सकाळी चापोरा नदीवर धुकं बसतं, पोदेर कानाला मफलर गुंडाळून पाव घेऊन येतो, आणि आम्ही सगळे एकमेकांना "काय थंडी पडली गो!" म्हणून घेतो. ऊन वर आलं की मफलर पावाच्या टोपलीवर जातो. संपली थंडी. अशा गावात एक बाई जन्मभर लोकरीचे स्वेटर विणत बसली. नुसती बसली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आपण हे सगळं कसं जमवतो, याच्यावर ती जगाला उपदेशही करत राहिली. ती आमची उल्कावहिनी.

वहिनीचं घर आमच्या घरासमोर. मध्ये रस्ता, रस्त्याला लागून तिचं बलकांव, म्हणजे घरापुढची बसायची पडवी, आणि बलकांवात ती. मी सकाळी तुयेच्या कारखान्यात कामाला निघायची तेव्हा ती तिथे, संध्याकाळी दमून यायची तेव्हाही तिथेच. पाय वर घेतलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, लोकरीचा गुंडा घरंगळून रस्त्यावर जाऊ नये म्हणून बालदीत सोडलेला, आणि समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. दोन्ही हात सुयांवर. मग ब्लॉग कशाने लिहायची? तोंडाने. वहिनी बोलायची आणि मोबाइल ते लिहून घ्यायचा. तिचा आवाजही काही कमी नव्हता. तिचा लेख जगात जायच्या आधी आमच्या अख्ख्या वाड्याने ऐकलेला असायचा.

गोची अशी, की विणायचं म्हणजे टाके मोजावे लागतात, आणि वहिनी ते मोठ्याने मोजायची. मोबाइलला काय कळतंय, तो बिचारा सगळंच लिहून घ्यायचा. 'संसार म्हणजे तडजोड मैत्रिणींनो दोन सुलट दोन उलट तडजोड.' वहिनी परत वाचून बघायच्या भानगडीत पडायची नाही, तसंच चढवायची. तिकडे पुण्या-नाशकाच्या बायका खाली लिहायच्या, 'किती खोल! दोन सुलट, दोन उलट, हेच तर आयुष्य!' पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आपण असं कधी म्हटलं ते वहिनीला आठवेना. तिने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मला म्हणाली, "बघ की गं शुभा, आपण सहज लिहितोय, पण त्याच्यात अर्थ किती असतोय!" एकदा 'स्त्रीने स्वतःसाठी वेळ काढलाच पाहिजे' या वाक्याच्या पुढे 'अहो बांगड्यात तिरफळं घातलीत काय' असं आलं होतं. त्यालाही कोणीतरी 'खोल' म्हटलं. त्या बायकांपुढे हात टेकले मी.

ब्लॉगचं नाव होतं 'सुई, शाई आणि संसार'. त्यातली शाई कुठे होती ते विचारू नका. संसार मात्र होता, आणि तो भाई करत होता.

भाई म्हणजे वहिनीचा नवरा. गाव त्याला भाईच म्हणतं. जन्मभर फेरीबोटीवर होता. शिवोलीचा पूल झाला, आमच्या धक्क्यावरची फेरी बंद पडली, तसा तो दुसऱ्या धक्क्यावर गेला आणि तिथूनच निवृत्त झाला. बोटीवरच्या माणसांना आपलं आपण रांधून खायची सवय असते. भाईने ती सवय घरी आणली आणि वहिनीने ती मोडू दिली नाही. कमरेला पंचा, वरती उघडा, टक्कल चकचकीत, खांद्यावर एक फडका, असा तो दिवसभर मागच्या दारी नाहीतर रांदपाच्या खोलीत. मासळी आणणं, साफ करणं, नारळ खोवणं, वाटण, भांडी, कपडे, सगळं तोच. दुपारी त्याच्या माशांच्या हुमणाचा वास रस्ता ओलांडून यायचा, सुट्टीच्या दिवशी मी माझ्या पातळ आमटीसमोर बसलेली असायची, आणि माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

आता ऐका. या बाईचा सगळ्यात गाजलेला लेख कुठला? 'घर, विणकाम आणि लेखन: माझी दिवसाची आखणी'. पहाटे उठल्यावर ओटा आवरणे. मग कोवळ्या उन्हात विणकाम. मग 'ह्यांचा' चहा-नाश्ता. मग लेखन. मग रांधप, पण रांधताना मनातल्या मनात पुढचा लेख. ती पहाटे ओटा आवरायची म्हणे! ओटा आवरायचा भाई, आणि त्याच वेळी वहिनी बलकांवात बसून ओटा आवरण्याविषयी सांगत असायची. मी पहाटे भाकऱ्या थापून, डबा भरून, बस गाठून तुयेला जायची आणि जेवणाच्या सुट्टीत 'नोकरी करणाऱ्या भगिनींनी वेळेचं भान ठेवलं तर काय अशक्य आहे?' हे वाचायची. घास तोंडातच फिरायचा. एकदा मी तिला तोंडावर म्हटलं, "वहिनी, हे सगळं तुम्ही कधी करता? मला तर कधी दिसत नाही." तर म्हणाली, "अगं, ते लिहिण्यापुरतं. वाचणारीला हुरूप यायला पाहिजे की नको?"

तिच्या ब्लॉगात 'आमचे हे' नावाचं एक पात्र होतं. हे 'आमचे हे' पहाटे नदीकाठी तिने विणलेला स्वेटर घालून फिरायला जात, परत येऊन "उल्का, किती ऊबदार!" म्हणत, आणि चहा पीत पीत तिचा नवा लेख वाचत. खरा भाई कसा होता ते मी वर सांगितलंच आहे. स्वेटर घेऊन वहिनी त्याच्या मागे फिरायची आणि तो एकच वाक्य बोलायचा, "माका उकडता गो." झालं. पुढे चर्चा नाही. मग वहिनी तो स्वेटर खुर्चीच्या पाठीला चढवायची, शेजारी भाईचा चष्मा ठेवायची, फोटो काढायची आणि खाली लिहायची, 'आमचे हे आत्ताच उठून आत गेलेत.' आमच्या गावात स्वेटर घातला असेल तर तो त्या खुर्चीनेच.

मुलगी लग्न होऊन दुबईला. तिलाही स्वेटर जायचे. तिने एकदा फोनवर हात जोडले.

एवढी थट्टा करते आहे खरी, पण एका दुपारी वहिनी जे बोलली ते सांगायलाच पाहिजे. त्या दिवशी तिची पेटी उघडी होती. डांबरगोळ्यांचा वास, आणि आत भाईच्या मापाचे स्वेटर घड्या घालून एकावर एक. दर दिवाळीला एक. निळा, राखाडी, बदामी, आणि वर पांढरे शंकरपाळे विणलेला एक मरून हाफ स्वेटर. सगळे कोरे करकरीत. वहिनी मूळची बेळगावची. तिकडे थंडी असते.

"माझे अप्पा आईनं विणलेला स्वेटर घालून बाजाराला जायचे बघ," ती म्हणाली. "लोक लांबून ओळखायचे, हे आक्काचं काम म्हणून. कोणा बाप्याच्या अंगावर बायकोचा स्वेटर दिसला नाही तर बायका विचारायच्या, घरात बरं आहे ना गं? आणि मी इथं येऊन एवढे विणले. ह्यांनी एकदा, एकदाच अंगात घालून पुलापर्यंत जाऊन आले असते तर मी काही म्हटलं नसतं. कोणी तरी बघायला नको?" असं म्हणून तिने मरून स्वेटरची घडी उलटी करून परत पेटीत ठेवली. मला वाईट वाटलं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "हे लिहायला चांगलं आहे नाही?" आणि मोबाइल शोधायला लागली. वाईट वाटणं तिथेच थांबलं.

इकडे ब्लॉगावरच्या बायका मागे लागल्या होत्या. खुर्ची पुष्कळ बघितली, आता 'ह्यांना' दाखवा. वहिनीने आज-उद्या करत वेळ काढला. मग तिला मारुती सापडला.

मारुती चंदगडकडचा. तुयेला आमच्याच कारखान्यात पॅकिंगला होता आणि भाईच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. सरळ, लाजरा, मान खाली घालून चालणारा माणूस. नाताळच्या सुट्टीत गावी जाताना त्याने सहज विचारलं, "काकू, आमच्याकडं गारठा लई, एखादा जुना स्वेटर हाय काय?" थंडी असलेला माणूस! वहिनीला आकाश ठेंगणं झालं. तिने त्याला निळा स्वेटर देऊनच टाकला. पण त्या आधी मरून घालायला लावला, सकाळी नदीकडे तोंड करून धक्क्यावर उभा केला आणि मागून फोटो काढला. बिचाऱ्याला वाटलं माप बघतायत. वहिनीने खाली लिहिलं, 'आमचे हे, पहाटेच्या गारव्यात.'

फोटो सुंदर होता. नदी, धुकं, मरून स्वेटर, वर दाट काळे कुरळे केस.

केस! भाईच्या डोक्यावर केस कधी होते ते गावातल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. पहिला फोन आला लाटंबार्सेहून, भाईच्या बहिणीचा. तिचा आवाज आमच्यापर्यंत आला. "वयनी, दादाक केस कधी आयले गो?" दुसऱ्या दिवशी पोदेर पाव देता देता विचारून गेला, भाई बरो आसा मगो? तुयेच्या कारखान्यात तर विचारू नका. सगळं पॅकिंग खातं मारुतीला 'आमचे हे' म्हणायला लागलं. 'आमचे हे, तो खोका इकडे आणा.' 'आमचे हे, चहा घेतला काय?' मारुती रडकुंडीला आला. कामावरून येताना तो रस्ता सोडून शेतातून यायला लागला, गावच्या लोकांच्या नजरेला पडायला नको म्हणून.

भाईने फोटो कधी बघितला? मीच दाखवला. म्हटलं, बघू तरी काय म्हणतो. तो मागच्या दारी बांगडे साफ करत होता. हात धुतले, फडक्याला पुसले, मोबाइल लांब धरून नीट बघितला.

"बरो बसला स्वेटर," तो म्हणाला. मग मोबाइल परत देत, "तेका रांदूक येता काय गो?"

"नाही बहुतेक."

"मागीर कठीण आसा," म्हणाला आणि परत बांगड्यांकडे वळला.

हे सगळं निवलं असतं. पण तो फोटो डिचोलीच्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी बघितला आणि त्या भारावून गेल्या. एप्रिल महिन्यात त्यांचा फोन आला. 'घर, छंद आणि लेखन: समतोलाचा मंत्र' या विषयावर वहिनीचं व्याख्यान आणि दोघांचा जोडीने सत्कार. आणि एक प्रेमाची विनंती, सरांनी तोच मरून स्वेटर घालून यायचं. आमच्या सगळ्या सभासदांना बघायचाय.

वहिनीने आनंदाच्या भरात "हो की, येतो की!" म्हणून टाकलं. फोन ठेवला आणि मग तिला घाम फुटला.

पुढचे दिवस मी वहिनीला विणताना बघितलं नाही. बालदी रिकामी, सुया उशीखाली. ब्लॉगावर त्या बाईंनी आधीच जाहीर करून टाकलं होतं, त्यामुळे न जावं तर आपण लबाड ठरणार, जावं तर तिथे सगळ्यांच्या समोर लबाड ठरणार. तिचं जे काही नाव होतं ते त्या ब्लॉगावरच होतं. गावात तिला भाईची बायको म्हणायचे, बेळगावात अप्पांची मुलगी. उल्का म्हणून ओळखणारी माणसं सगळी त्या मोबाइलमध्ये.

तिने काय काय नाही केलं! आधी मारुतीला विचारलं. होय, विचारलं! "एक दिवस सुट्टी काढशील काय रे बाबा, नुसतं बसायचंय, बोलायचं काही नाही." मारुतीने त्याच संध्याकाळी चंदगडची बस पकडली आणि कार्यक्रम होऊन जाईपर्यंत तोंड दाखवलं नाही. मग ती माझ्याकडे आली. "तू फोन करून सांग की गं, ह्यांना ताप आलाय म्हणून." मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या लेखात काय आहे? 'सत्य हाच संसाराचा पाया.' मी नाही सांगणार." मला जरा चेव आला होता, कबूल.  तिने पदराने डोळे पुसले आणि घरी गेली.

भाईला तिने विचारलंच नाही. तो नाहीच म्हणणार हे तिला ठाऊक होतं, आणि मला वाटतं, ते पुन्हा एकदा ऐकायची तिची तयारी नव्हती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिने पेटीतून मरून स्वेटर काढला, खुर्चीच्या पाठीला घातला आणि नुसती बघत बसली. फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी येऊन उभी राहिली. ऊन असं, की रस्त्यावरचं कुत्रंही आमच्या व्हरांड्यात आलेलं. वहिनीने मला सोबत चल म्हटलं होतं. तिने मनाशी ठरवलं होतं, व्यासपीठावर जायचं आणि सगळं सांगून टाकायचं, काय होईल ते होवो. साडी नेसून ती गाडीत बसली. मी तिच्या शेजारी. ड्रायव्हर गाडी चालू करणार, तेवढ्यात घराचं दार वाजलं.

भाई बाहेर आला. पायात विजार, पांढरा शर्ट, आणि वर तो मरून हाफ स्वेटर. रोजच्या हुमणाने पोट सुटलं होतं, त्यामुळे पांढरे शंकरपाळे पुढून पसरट झाले होते. दाराला कडी लावली, चावी खिशात टाकली, ड्रायव्हरच्या शेजारी येऊन बसला.

"चल रे," म्हणाला.

वहिनीने माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली. 

डिचोलीचा तो हॉल मी जन्मात विसरणार नाही. पंखे होते, नाही असं नाही. पण लावले की पाठीमागचा बॅनर उडायचा, म्हणून अध्यक्षीणबाईंनी ते बंद करायला लावलेले. बायका पदराने, पत्रिकेने, मिळेल त्याने वारा घेत होत्या. आणि व्यासपीठावर मधोमध भाई, लोकरीत. कोकमाचं सरबत आलं, त्याने ग्लास रिकामा केला. दुसरा आणला, तोही केला. टकलावरून घामाची धार कानामागे, तिथून स्वेटरात.

अध्यक्षीणबाई हार घालायला आल्या आणि घुटमळल्या. "सर, फोटोत तुमचे केस..."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. मी डोळे मिटून घेतले.

"तिरुपतीक जावन आयलंय," भाई शांतपणे म्हणाला.

टाळ्या! नवरा धार्मिकही आहे म्हटल्यावर बायकांना कोण आनंद झाला. व्याख्यान कसं झालं मला आठवत नाही. वहिनी बोलत होती, पण नेहमीसारखी रंगली नव्हती. अधूनमधून थांबून भाईकडे बघायची आणि वाक्य विसरायची. खरं सांगून टाकायचं तिने ठरवलं होतं ना? तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग एका बाईने माईक मागून घेतला आणि सरळ भाईलाच विचारलं, "सर, ताई एवढं सगळं कसं जमवतात, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, आता संपलं. जन्मभराचं साचलेलं आता बाहेर पडणार.

भाईने माईक हातात घेतला. बोटीवरचा माणूस, माईकाची सवय नाही. तो जरा लांबच धरला. "पहाटे उठता," तो म्हणाला. "ओटो आवरता. मागीर कोवळ्या वतात विणता. मागीर माका च्या-नाश्तो. मागीर लिवता. मागीर रांदता, आणि रांदताना मनात फुडलो लेख."

शब्द न् शब्द. तिच्या लेखातला, त्याच क्रमाने, कुठे अडखळला नाही. बायका माना डोलवत होत्या. वहिनी त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती.

"आणि तुम्ही?" त्या बाईने हसत विचारलं. "तुम्ही घरात काय करता?"

भाईने स्वेटरचा काठ चिमटीत धरून जरा पुढे ओढला. "मी? मी घालतंय."

हॉल टाळ्यांनी दणाणला. बॅनर आपोआप हलला असेल.

येताना काळोख पडत आला होता. भाईने स्वेटर काढला नव्हता. काच खाली करून तोंड बाहेर काढून बसला होता. म्हापसा मागे पडल्यावर वहिनीने हळूच विचारलं, "तुम्ही माझं वाचता?"

"वाचूक कशाक जाय?" भाई बाहेर बघतच म्हणाला. "तू आराडता. रांदपाच्या खोलीत सगळां आयकूक येता."

"सगळं?"

"सगळां."

"मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत काही ते?"

"तू टाके मोजी होतंस."

वहिनी रडायला लागली. चांगली हुंदके देऊन. ड्रायव्हरने घाबरून गाडी हळू केली. मी त्याला म्हटलं, चालव रे तू, काही झालेलं नाही. माझेही डोळे भरले होते, पण ते काही मी तिला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीने ब्लॉगावर लिहिलं, 'काल आमचे हे मी विणलेला स्वेटर घालून डिचोलीला आले. एप्रिलच्या उकाड्यात. पूर्ण वेळ अंगातून काढला नाही.' टाके न मोजता लिहिलेला तिचा पहिला लेख. आणि त्यातला शब्दन् शब्द खरा. गावात कोणीही विश्वास ठेवला नाही. लाटंबार्सेच्या नणंदेने फोन करून विचारलं, "आता कोणाक धरून नेलंस?" पोदेर हसून निघून गेला. मी चारचौघांत शपथेवर सांगितलं, अहो मी होते तिथे, माझ्या डोळ्यांनी बघितलं. तर लोक म्हणाले, तू काय, तू तिची शेजारीण.

वहिनीला त्याचं काहीच वाटलं नाही. हे मात्र मला नवल वाटलं.

मग चार-पाच दिवसांनी संध्याकाळी ती रस्ता ओलांडून धावत आली. धावत! बलकांवातून उठलेली ती मला क्वचितच दिसायची. हातात काहीतरी मरून. बघते तर तोच स्वेटर, पण आटून आटून एवढासा झालेला, अंगणवाडीतल्या पोराला बसेल असा. शंकरपाळ्यांचे शेंगदाणे झाले होते. भाईने तो घामट झाला म्हणून चादरींबरोबर न्हाणीतल्या भाणातल्या, तांब्याच्या हंड्यातल्या, कढत पाण्यात भिजत घातला होता आणि दगडावर आपटून धुतला होता.

"अरे देवा!" मी म्हटलं. "वहिनी, वाट लागली की!"

"लागली की!" वहिनीचा चेहरा फुललेला. "वापरून खराब झाला बघ! अंगात घालून, घामानं भिजून, धुवून. वापरून खराब झाला!"

तिने तो सगळ्या वाड्याला दाखवला. पोदेराला थांबवून दाखवला. जिथे जाईल तिथे तेच वाक्य. पेटीतल्या त्या सगळ्या कोऱ्या स्वेटरांत हा एकच वाया गेला होता आणि ती त्याचं असं कौतुक करत होती. मला मात्र एक शंका आली आणि ती अजून गेलेली नाही. जो माणूस सगळ्या घराचे कपडे जन्मभर धूत आला, रेशमी कुठलं आणि सुती कुठलं ते हाताला लावून सांगतो, त्याला लोकर कढत पाण्यात घालू नये हे ठाऊक नसेल? मी भाईकडे बघितलं. तो मागच्या दारी तिसऱ्यांच्या शिंपल्या धूत होता. त्याने मान वर केली नाही.

त्याच महिन्यात ठरलं, की वहिनीच्या आईजवळ जाऊन राहायचं. म्हातारी बेळगावात एकटी होती आणि तिला करून घालायला कोणीतरी हवं होतं. कोणीतरी म्हणजे कोण, ते सांगायला नको. वहिनीने ब्लॉगावर लिहिलं, 'आईच्या सेवेसाठी मी सर्व सोडून जात आहे.' घ्या!

जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. खुर्च्या आत गेलेल्या, पेटी दोरीने बांधलेली, आणि बलकांवात तांब्याला टेकवून मोबाइल तेवढा होता, चालूच. भाई शेवटच्या तिसऱ्या धुवून पातेलं आत नेत होता. वहिनीने त्याला मध्येच अडवला. हातात माप घ्यायचा टेप.

"उभे राहा बघू. हात पसरा."

भाई उघडा, ओले हात दोन्ही बाजूंना पसरून उभा राहिला. बोटांवरून पाणी टपकत होतं. वहिनी त्याच्या पाठीला टेप लावून मापं मोठ्याने म्हणत होती. "पोट आत घेऊ नका, तिथंच तर बसायचाय. श्वास सोडा की."

"गो शुभा," भाई मला म्हणाला, मान न वळवता. "बेळगावात खरीच थंडी असता?"

"असते भाई. सगळे स्वेटर घालूनच फिरतात."

त्याने जरा विचार केला.

"मागीर पुऱ्यो बाह्यो घाल," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीचा टेप त्याच्या खांद्यावर तसाच राहिला. मी तिथून निघाले. रस्ता ओलांडून मागे बघितलं तेव्हा दोघं तशीच उभी होती, त्याचे हात अजून पसरलेले.

रात्री ब्लॉग उघडला. मोबाइलने नेहमीप्रमाणे सगळं लिहून घेतलं होतं आणि वहिनीने नेहमीप्रमाणे न वाचता चढवलं होतं. खांदा, छाती, पोट आत घेऊ नका, श्वास सोडा, आणि सगळ्यात शेवटी, मागीर पुऱ्यो बाह्यो घाल. खाली नाशकाच्या एका बाईने लिहिलं होतं, 'किती खोल!'

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते पटलं.